परदेशात राहून गाडीचं कर्ज काढायचं तर

भाचीचा फोन आला तेव्हा इकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते. ती इंग्लंडमध्ये लीड्सजवळच्या एका रुग्णालयात नर्स आहे. "मावशी, गाडी मिळून राहिली. महिन्याला फक्त १८५ पौंड. उद्या सही करून टाकू का?"

हा 'फक्त' मी खूप वर्षं ऐकला आहे. नागपुरात बँकेत सव्वीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा सीताबर्डीच्या शाखेत वाहन कर्जाच्या टेबलावर. समोर बसलेला माणूस गाडीचा रंग सांगायचा, मॉडेल सांगायचा, हप्ताही तोंडपाठ असायचा. सगळे मिळून किती रुपये जाणार असं विचारलं की मात्र शोरूमवाल्याने दिलेला कागद उलटापालटा करून पाहायचा. भाचीचंही तसंच झालं होतं. मी तिला म्हटलं, उद्या सही करू नको. कागदाचे फोटो पाठव, रविवारी निवांत बोलू.

पुढचे बरेच रविवार आम्ही याच विषयावर बोललो. आपल्याकडे आता घरटी कोणीतरी बाहेर आहे. मिहानमधल्या कंपनीतून ऑनसाइट गेलेला मुलगा, नर्सिंग करून गेलेली मुलगी, आखातात साइटवर असलेला जावई. गाडीचं कर्ज त्यांचं असतं, पण डाउन पेमेंटचे पैसे पुष्कळदा इथून जातात आणि काळजीही इथेच केली जाते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

इथला सिबिल तिथे का चालत नाही

या गाडीच्या आधी भाचीचा एक अर्ज नाकारला गेला होता. तिला तिथे जाऊन जेमतेम चार महिने झाले होते. पगार चांगला, नोकरी सरकारी आरोग्यसेवेतली, डोक्यावर एक पैशाचं कर्ज नाही. तरी शोरूममधल्या संगणकाने दोन मिनिटांत नाही म्हटलं. आमचे भाऊजी, म्हणजे तिचे बाबा, फार दुखावले. "माझा सिबिल ८०० च्या वर आहे. मी जामीन राहतो ना. काऊन नाही देत ते?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मला माझ्या टेबलावरच्या अनुभवातून देता येतं. अंबाझरीच्या आयुध निर्माणीतला कर्मचारी आला की त्याची फाइल दोन दिवसांत सँक्शन व्हायची. पगारपत्रक, फॉर्म १६, भविष्य निर्वाह निधीचा उतारा, सगळं एकमेकांशी जुळलेलं. त्याच आठवड्यात इतवारीतला एखादा धान्याचा व्यापारी यायचा. अख्खा बाजार त्याला ओळखायचा, त्याच्या शब्दावर ट्रक भरून माल यायचा, पण विवरणपत्रात उत्पन्न दाखवलेलं असायचं अगदीच थोडं. त्याची फाइल अडकायची. माणूस खोटा नव्हता. बँकेला जे कागदावर दिसतं तेवढंच तिला माहीत असतं, एवढीच गोष्ट.

परदेशात पाऊल ठेवलं की आपण सगळे त्या व्यापाऱ्याच्या जागी असतो. इथे वीस वर्षं हप्ते वेळेवर भरले, पण तिथल्या कागदावर त्याची नोंद नाही. गंमत अशी की कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या बऱ्याच अंशी त्याच आहेत. इंग्लंडमध्ये एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या तीन मोठ्या. तिघीही भारतात काम करतात, आणि आपण ज्याला नुसतं सिबिल म्हणतो तिचं पूर्ण नाव ट्रान्सयुनियन सिबिल आहे. तरीही इथली नोंद तिथे आपोआप जात नाही. प्रत्येक देशाचा माहितीचा कायदा वेगळा, ओळख क्रमांक वेगळा. आपला पॅन तिथे कोणाला ठाऊक नाही.

भाऊजींच्या जामीनकीचं उत्तरही यातच आहे. हप्ता थकला तर जामीनदाराला गाठता आलं पाहिजे. मानेवाड्यात राहणाऱ्या माणसाला लीड्सची कंपनी गाठणार कशी? म्हणून जामीनदार त्याच देशात राहणारा, तिथेच कमावणारा लागतो.

मग कोरी पाटी भरायची कशी? यात एक गोष्ट अशी आहे जी तिथे गेलेल्या आपल्या कितीतरी लोकांना ठाऊकच नसते. भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे इंग्लंडमध्ये कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला तिथल्या मतदारयादीत नाव घालता येतं. अगदी संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. त्याने आपलं नागरिकत्व किंवा पासपोर्ट काही बदलत नाही. कर्ज देणाऱ्या कंपन्या ही यादी पाहतात, कारण अर्जात लिहिलेल्या पत्त्यावर हा माणूस खरोखर राहतो याचा तो पुरावा असतो. भाचीला हे सांगितलं तेव्हा तिला खरंच वाटेना. ऑनलाइन अर्ज भरला, दहा मिनिटांचं काम होतं.

बाकीचं आपल्यासारखंच. मोबाइलचं बिल स्वतःच्या नावावर घ्यायचं. लहान मर्यादेचं क्रेडिट कार्ड घेऊन किराणा त्यावर आणायचा आणि महिन्याला पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप कापली जाईल अशी सोय करायची. सारखा पत्ता बदलायचा नाही. पाच-सहा महिन्यांत फाइलला थोडं अंग येतं.

आणि पाच शोरूममध्ये पाच अर्ज टाकायचे नाहीत. पक्का अर्ज केला की त्याची खूण फाइलवर उमटते आणि ती साधारण वर्षभर इतर कंपन्यांना दिसते. आठवड्यात अशा चार खुणा दिसल्या की हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतो आहे असा अर्थ लावला जातो. पक्का अर्ज करण्याआधी नुसती पात्रता पाहण्याची एक सोय असते, तिला तिकडे सॉफ्ट सर्च म्हणतात. तिची खूण फक्त आपल्याला दिसते, इतरांना नाही. आधी तेच मागायचं.

व्हिसा किती उरला

इथल्या गाडीच्या कर्जात हा मुद्दा कधी येतच नाही, म्हणून घरच्यांच्या तो लक्षात येत नाही. परक्या माणसाला कर्ज देताना कंपनी व्हिसाची उरलेली मुदत पाहते. व्हिसा अडीच वर्षांचा उरला आहे आणि कर्ज चार वर्षांचं मागितलं, तर बऱ्याच कंपन्या तिथेच थांबतात, किंवा मुदत कमी करून हप्ता वाढवतात. मीही त्या खुर्चीत असते तर तेच केलं असतं. निवृत्तीला तीन वर्षं उरलेल्या माणसाला आम्ही सात वर्षांचं कर्ज देताना दहा वेळा विचार करायचोच.

इंग्लंडमध्ये पूर्वी व्हिसाचं प्लास्टिकचं कार्ड असे. २०२४ अखेर ती कार्डं संपली आणि सगळं ऑनलाइन झालं. आता सरकारी संकेतस्थळावरून एक शेअर कोड काढून द्यावा लागतो. शोरूममधला एखादा विक्रेता अजूनही कार्ड मागतो आणि नाही म्हटलं की गोंधळतो. तेव्हा न रागावता कोड काढून दाखवायचा.

भाचीचा व्हिसा पाच वर्षांचा. त्यातले नऊ महिने झाले होते. म्हणजे अठ्ठेचाळीस महिन्यांचं कर्ज बसत होतं. पण ती तिथे पाच वर्षं राहणार का, हे तिचं तिलाच पक्कं नव्हतं. लग्नाचं पाहणं चालू आहे, शिवाय ऑस्ट्रेलियाचंही डोक्यात आहे. आमच्या रविवारच्या हिशेबात हाच धागा सगळ्यात महत्त्वाचा ठरला.

दोन कागद, एकच गाडी

आता तो १८५ पौंडांचा कागद. गाडी १२,००० पौंडांची, २,००० डाउन पेमेंट, म्हणजे कर्ज १०,००० चं. मुदत ४८ महिने, वार्षिक खर्चाचा दर ११.९ टक्के. या दराला तिथे एपीआर म्हणतात. व्याज आणि सक्तीचे आकार धरून काढलेला तो दर असतो, म्हणून दोन ठिकाणचे कागद तुलना करायला तो बरा.

या रकमेला साधा हप्ता मी काढला तर महिन्याला सुमारे २६० पौंड येत होता. मग १८५ कसा? मी भाचीला म्हटलं, खालची ओळ वाच. शेवटून तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: मुदतीअखेर एकरकमी ४,५०० पौंड.

याला तिकडे पीसीपी म्हणतात. गाडीच्या किमतीतला एक मोठा भाग शेवटी ठेवून देतात आणि हप्ते उरलेल्या भागावर बसवतात. चार वर्षांनी तीन वाटा असतात. साडेचार हजार भरून गाडी आपली करा, किंवा गाडी परत देऊन मोकळे व्हा, किंवा तिची किंमत साडेचार हजारांहून जास्त येत असेल तर ती देऊन त्या फरकावर नवी घ्या. गाडी परत द्यायची असेल तर वर्षाला किती मैल चालवायची हे करारात आधीच ठरलेलं असतं. त्याहून जास्त चालवली की प्रत्येक मैलाचे पैसे लागतात, आणि मोठे ओरखडे असले तर त्याचेही.

दुसरा प्रकार म्हणजे हायर पर्चेस, तिकडे नुसतं एचपी म्हणतात. आपल्या इथल्या हप्त्यासारखाच: शेवटचा हप्ता आणि किरकोळ मालकी शुल्क भरलं की गाडी आपली.

दोन्हींची बेरीज मी वहीत मांडली आणि वहीचा फोटो तिला पाठवला. एचपीमध्ये ४८ हप्ते मिळून सुमारे १२,४७५ पौंड. पीसीपीमध्ये हप्त्यांचे सुमारे ८,८९५ आणि शेवटचे ४,५००, म्हणजे १३,३९५. गाडी तीच, दर तोच, मुदतही तीच. हप्ता ७५ पौंडांनी कमी आणि गाडी मात्र ९२० पौंडांनी महाग. कारण उघड आहे. त्या साडेचार हजारांवर चारही वर्षं व्याज चालू राहतं, त्यातली एक पैही आधी फिटत नाही.

पीसीपी वाईटच असं मी म्हणणार नाही. दर तीन-चार वर्षांनी नवी गाडी बदलणारा, ठरलेल्या मैलांत बसणारा माणूस असेल तर त्याला ती सोयीची आहे. पण जिचा मुक्कामच पक्का नाही अशा मुलीने ती घ्यावी का, याचं उत्तर मला एका जुन्या कायद्यात सापडलं.

अर्धे पैसे भरून मोकळं होण्याचा हक्क

इंग्लंडचा ग्राहक कर्ज कायदा १९७४ चा आहे. त्यात एचपी आणि पीसीपी दोन्हींसाठी एक फार माणुसकीची तरतूद आहे. करारात लिहिलेल्या एकूण देय रकमेपैकी अर्धी रक्कम तुम्ही भरली असेल, तर लेखी कळवून गाडी परत देता येते आणि करार तिथेच संपतो. पुढचे हप्ते माफ. गाडी नीट सांभाळलेली असावी आणि मागची थकबाकी नसावी, एवढ्या अटी. अर्ध्याला थोडे पैसे कमी पडत असतील तर तेवढा फरक भरून मोकळं होता येतं. आपल्याकडे असा हक्क नाही. गाडी परत घ्या म्हणून टेबलावर चावी ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. गाडी लिलावात जायची आणि उरलेल्या रकमेची नोटीस घरी यायची. म्हणून ही तरतूद पहिल्यांदा वाचली तेव्हा मी ती दोनदा वाचली.

मुदतीआधी देश सोडावा लागेल अशी शक्यता असलेल्यासाठी हा हक्क सोन्यासारखा आहे. पण 'अर्धी रक्कम' कशाची, ते नीट पाहा. डाउन पेमेंट, सगळे हप्ते, सगळं व्याज आणि पीसीपीमध्ये तो शेवटचा मोठा आकडासुद्धा, या सगळ्याची अर्धी.

भाचीच्या गाडीला एचपीची एकूण देय रक्कम डाउन पेमेंटसह १४,४७५ होत होती. अर्धी ७,२३८. त्यातले २,००० आधीच भरलेले. उरलेले २६० च्या हप्त्याने एकविसाव्या हप्त्याला पूर्ण होतात. पीसीपीची एकूण रक्कम १५,३९५, अर्धी सुमारे ७,६९८, आणि १८५ च्या हप्त्याने तिथवर पोचायला एकतिसावा हप्ता उजाडतो. म्हणजे लहान हप्ता घेतला की बाहेर पडायचं दार दहा महिने पुढे सरकतं. हे तिला समजलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, हे त्यांनी सांगितलंच नाही." सांगायला विक्रेत्याला वेळ नसतो. कागदात मात्र लिहिलेलं असतं, 'टर्मिनेशन: युअर राइट्स' या मथळ्याखाली, आणि ती रक्कमही तिथे आकड्यात छापलेली असते. तेवढी चौकट शोधून वाचायची.

त्याच कायद्यात सही केल्यापासून चौदा दिवस कर्जातून माघार घेण्याचीही मुभा आहे. यात लोकांची एक गफलत होते. माघार कर्जातून घेता येते, गाडीच्या सौद्यातून नाही. गाडी तुमच्याकडेच राहते आणि तिचे पैसे दुसरीकडून आणून भरावे लागतात. कुठे स्वस्त कर्ज मिळालं तर याचा उपयोग.

मुदतीआधी सगळं फेडायचं असेल तर कंपनीकडे सेटलमेंटचा आकडा लेखी मागायचा. उरलेल्या मुदतीच्या व्याजात सूट द्यावी लागते, तोही हक्कच आहे.

गाडी कोणाची

आपल्याकडे कर्जाच्या गाडीच्या आरसीवर बँकेचा बोजा चढलेला दिसतो. कर्ज फिटलं की बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत जायचं आणि बोजा उतरवायचा, हे आपल्याला अंगवळणी पडलेलं आहे. इंग्लंडच्या व्ही-५-सी या नोंदणीपत्रावर नाव असतं ते गाडी सांभाळणाऱ्याचं. ते मालकीचा पुरावा नाही, असं त्यावरच छापलेलं असतं. एचपी आणि पीसीपीच्या गाडीची मालक शेवटपर्यंत कर्ज देणारी कंपनीच असते. त्यामुळे देश सोडताना "गाडी विकून टाकली आणि आलो" असं करता येत नाही. आधी कर्ज फेडायचं, मग विकायची. जुनी गाडी दुसऱ्या कोणाकडून घेतानाही तिच्यावर कर्ज आहे का याची तपासणी पैसे देऊन करून घ्यायची. नाहीतर कोणाच्या तरी कर्जाची गाडी आपल्या दारात येते.

थेट बँकेचं किंवा क्रेडिट युनियनचं वैयक्तिक कर्ज काढलं तर हा प्रश्नच येत नाही. गाडी पहिल्या दिवसापासून तुमची, हवी तेव्हा विका. नवीन माणसाला ते मिळणं मात्र जास्त कठीण, कारण त्यांच्या हातात गाडीचं तारण नसतं. क्रेडिट युनियन म्हणजे आपल्याकडच्या पगारदार पतसंस्थेसारखी. आरोग्यसेवेतल्या कर्मचाऱ्यांना अशा संस्थांचं सदस्य होता येतं, तिथे विचारून पाहावं. ग्रेट ब्रिटनमध्ये त्यांच्या व्याजाला महिन्याला ३ टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे. ही कमाल मर्यादा झाली, प्रत्यक्ष दर विचारूनच ठरवायचं.

काही ठिकाणी नोकरीवरच पगारातून कापून भाड्याने गाडी मिळते. स्वस्त पडते, पण नोकरी सोडली की करार मोडण्याचे पैसे किती, हे आधी विचारायचं.

दराबद्दलही एक समज हवी. जाहिरातीत मोठ्या अक्षरात जो एपीआर असतो तो निदान ५१ टक्के ग्राहकांना मिळाला पाहिजे असा तिथला नियम आहे. उरलेल्यांना त्याहून महाग दर लागू शकतो, आणि नवीन आलेला माणूस बहुधा त्या उरलेल्यांत असतो.

विक्रेत्याला कर्जावर कमिशन मिळतं, ते किती, हे विचारायला संकोच करू नये. पूर्वी तिथे काही करारांत विक्रेता व्याजदर वाढवून स्वतःचं कमिशन वाढवू शकत असे. २८ जानेवारी २०२१ पासून तिथल्या वित्तीय नियामकाने ती पद्धत बंद केली. पुढे कमिशनचं प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १ ऑगस्ट २०२५ च्या निकालात न्यायालयाने बहुतेक मुद्द्यांवर कर्ज कंपन्यांची बाजू मान्य केली, पण एका ग्राहकाच्या बाबतीत कर्जाच्या एकूण खर्चापैकी, म्हणजे व्याज आणि शुल्कापैकी, ५५ टक्के रक्कम कमिशनमध्ये गेली होती आणि तो व्यवहार न्यायालयाने अन्यायकारक ठरवला. निम्म्याहून जास्त! आपण घासाघीस गाडीच्या किमतीत करतो, आणि खरी जागा व्याजात असते.

लायसन्स आणि विमा

नागपूरच्या आरटीओचं लायसन्स ग्रेट ब्रिटनमध्ये राहायला गेल्यापासून १२ महिने चालतं. ते बदलून तिथलं मिळत नाही. शिकाऊ लायसन्स काढून लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. इथे वर्धा रोडवर वीस वर्षं गाडी चालवली असली तरी. रस्त्याची डावी बाजू तीच असल्यामुळे आपल्याला थोडं सोपं जातं, पण परीक्षेची तारीख मिळायला महिनोन्महिने लागतात. म्हणून पोचल्याबरोबर अर्ज करावा. चार वर्षांचं कर्ज घेतलं आणि तेराव्या महिन्यात गाडी चालवायचा हक्कच संपला, असं व्हायला नको.

कर्जाच्या गाडीला पूर्ण विमा लागतोच, आणि नव्या चालकाला तो भारी महाग पडतो. गाडी पसंत करण्याआधी तिच्या विम्याचा आकडा काढून पाहा. अपघातात गाडी निकामी झाली तर विमा कंपनी त्या दिवसाची बाजारभावाची रक्कम देते. कर्ज त्याहून जास्त उरलं असेल तर फरक आपल्या खिशातून जातो. तो फरक भरून देणारा गॅप नावाचा वेगळा विमा असतो. डाउन पेमेंट कमी असेल तर त्याचा विचार जरूर करावा.

आखात आणि जर्मनी

माझ्या शाखेतल्या एका सहकाऱ्याचा मुलगा दुबईला आहे. त्याच्या कर्जाचा कागद पाहिला आणि तिथली शिस्त मला आवडली. संयुक्त अरब अमिरातीच्या मध्यवर्ती बँकेचे २०११ चे नियम असे: गाडीच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज, मुदत जास्तीत जास्त ६० महिने, आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्याच्या आत. म्हणजे २० टक्के आपल्याजवळ हवेतच. तिथलं सिबिल म्हणजे अल एतिहाद क्रेडिट ब्युरो, गुण ३०० ते ९००, आपल्यासारखेच.

फसगत होते ती दरात. विक्रेता सांगतो, तीन टक्के. पण ते फ्लॅट असतात. ४८,००० दिरहम कर्जावर तीन टक्के फ्लॅट म्हणजे पाच वर्षांचं व्याज ७,२०० आणि हप्ता ९२० चा. मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं, तरी व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण मुद्दलावर मोजलेलं. घटत्या शिलकीवर हाच दर साडेपाच टक्क्यांच्या थोडा वर जातो. आपल्याकडेही जुन्या गाड्यांच्या कर्जात हेच चालतं. एक खूणगाठ सांगते. पाच वर्षांच्या कर्जाला फ्लॅट दराची जवळपास दुप्पट केली की खऱ्या दराचा अंदाज येतो.

आखातात आणखी एक गोष्ट जपायची. नोकरी सुटली की शेवटचा हिशेब आणि ग्रॅच्युइटी पगाराच्या खात्यात येते, आणि कर्ज बाकी असेल तर बँक ते पैसे धरून ठेवू शकते. कर्ज न फेडता देश सोडायला गेलेल्यावर न्यायालयाकडून प्रवासबंदीही आणता येते. नोकरी बदलायचा विचार असेल तर राजीनाम्याआधी बँकेत जाऊन बोलावं.

जर्मनीत नोंदी ठेवणारी संस्था शूफा, १९२७ पासूनची. तिच्याकडून आपल्या माहितीची प्रत फुकट मागता येते. पैसे घेऊन प्रमाणपत्र विकणारं पान आधी समोर येतं, तिकडे जायचं नाही. कर्ज असेपर्यंत गाडीच्या नोंदणीचा दुसरा भाग बँक बहुधा स्वतःकडे ठेवते, त्यामुळे गुपचूप विकणं शक्यच नाही. मुदतीआधी फेडल्यास दंड उरलेल्या रकमेच्या जास्तीत जास्त १ टक्का, आणि वर्षाहून कमी मुदत उरली असेल तर अर्धा टक्का. आपलं लायसन्स तिथे राहायला गेल्यापासून सहाच महिने चालतं, हे मात्र फार जण विसरतात.

इथून पैसे पाठवताना

भाऊजी पहिल्या रागात म्हणाले होते, "मी इथे कर्ज काढतो अन् पाठवतो, तिला नगद घेऊ दे गाडी." बापाचं मन आहे, समजतं. पण रुपयात कर्ज काढून पौंडात गाडी घ्यायची, आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने हप्ते भरायचे, हे मला पटलं नाही आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. शिवाय तिच्या फाइलवर वेळेवर भरलेला एकही हप्ता उमटला नसता. पुढे घर घ्यायला गेली असती तेव्हा पाटी पुन्हा कोरीच.

डाउन पेमेंटला मदत करायची तर सरळ बँकेतून पाठवावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने निवासी माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. वर्षभरात दहा लाख रुपयांच्या वर गेलं की बँक त्यावर आगाऊ कर कापते, तो विवरणपत्र भरताना आपल्या खात्यात धरला जातो. ओळखीच्या कोणाला इथे रोख द्यायचे आणि त्याने तिथे पौंड द्यायचे, असला हवालाचा मार्ग कोणी सुचवला तर त्याला घरातूनच नाही म्हणावं.

भाचीने त्या १८५ पौंडांच्या कागदावर सही केली नाही. पाच महिने थांबली. मतदारयादीत नाव लागलं, कार्डाची पाच बिलं पूर्ण भरली, रस्त्यावरच्या परीक्षेत पहिल्या वेळी नापास झाली आणि दुसऱ्या वेळी पास. पहाटेच्या पाळीला एक मल्याळी मैत्रीण आपल्या गाडीतून नेत होती, तिचे उपकार आहेत.

मग तिने आधीच्याहून लहान, ९,५०० पौंडांची जुनी गाडी पाहिली. २,५०० स्वतःचे साठवलेले भरले. ७,००० चं एचपी, ३६ महिने, एपीआर ९.९. हप्ता २२४ पौंड, एकूण व्याज सुमारे १,०७०. या वेळी आकडे तिने स्वतः काढले आणि मला फक्त तपासायला पाठवले. अर्धी रक्कम कितव्या हप्त्याला पूर्ण होते, हेही तिनेच लिहिलं होतं: तेराव्या. तिच्या खोलीत भिंतीवर इथून नेलेलं मराठी कॅलेंडर आहे. ते डिसेंबरला संपतं, म्हणून तिने मागच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर पुढच्या वर्षाचे महिने हाताने आखले आणि त्या तारखेभोवती लाल पेनने गोल केला.